आधी आवाज शून्यावर

“आधी आवाज शून्यावर कर, मग स्विच लाव,” अप्पा म्हणाले. मी लहान असल्यापासून त्यांचा हा नियम.

आई गेल्यापासून मिरजेत ते एकटेच, सोबतीला जुना सीडी प्लेअर. फोनवर एकच तक्रार, ‘आवाज पुसट येतो.’ मी काहीही सांगितलं की नुसतं ‘बरं, बरं.’ मला वाटायचं, माझ्यावर रागावलेत. म्हणून या सुट्टीत डॅक घेऊन आलो. सीडीवरच्या आकड्यांचं स्वच्छ आवाजात रूपांतर करणारी डबी. लाल-पांढऱ्या वायरी जोडल्या. सनई इतकी स्वच्छ वाजली की मीच खूश.

“पुसटच आहे रे. वाढव.”

वाढवला. अजून वाढवला. समोरच्या गॅलरीतून काकू ओरडल्या, “अरे, लग्न आहे का घरात?” अप्पांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

प्लेअरला काही झालंच नव्हतं. इतके महिने फोनवर माझंही त्यांना काही ऐकू येत नसणार.

मी बटण फिरवून आवाज पार शून्यावर आणला. माझा उतरलेला चेहरा बघून अप्पा घाईघाईने हसले. “हां! आता कसा स्पष्ट येतोय!”

आणि त्या शांत खोलीत त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला.