सहावी टाकी

तळ्यातून आणलेले ब्रायोझोआ नावाचे पाणजीव प्रयोगशाळेत वाढवता वाढवता बाई मेटाकुटीला आल्या होत्या. पाणी कोमट ठेवलं, उजेड मंद केला, आयतं शेवाळ भरवलं. वाढ म्हणाल तर शून्य. जराशा धक्क्यानंही हे इवले जीव आपले केसाळ तुरे आत ओढतात आणि मग उपाशी बसतात. इथे तर रोज चार वाजता सहाही टाक्यांतले तुरे दारापासून ओळीनं मिटत जायचे, कुणी शेजारून चालत गेल्यासारखे.

"मामा, कितीदा सांगू? आत पाय आपटत फिरू नका!" बाई शिपायावर खेकसल्या.

"बाई, मी बाहेरच्या बाकावरून हललोसुद्धा नाही."

सोमवारी साहेब प्रयोगच गुंडाळणार होते. आज बाईंनी मामांना घरी धाडलं, दाराला आतून कडी घातली आणि पाचव्या-सहाव्या टाकीच्या मधे खुर्ची मांडून गप्प बसल्या.

चार वाजले. पहिल्या टाकीतले तुरे मिटले. मग दुसरीतले, तिसरीतले, चौथीतले. बाईंच्या कोपराजवळच्या पाचवीतलेही मिटले.

सहावीकडे बघत बाई थांबल्या.

"मिटा ना," त्या पुटपुटल्या. "मिटा एकदाचे."

सहावीतले तुरे पूर्ण उघडून संथ डोलत राहिले.