तुषारच्या पाइपाला रेंज

साखऱ्याच्या शिवारात मोबाइल लागायचा तो फक्त द्वारकाबाईंच्या हरभऱ्यात, तुषार सिंचनाच्या पाइपापाशी. दर वीस फुटांवर नोझल. तिथं रेंज, मधे गुडूप.

"वहिनी, लहरी पाइपात शिरून बराबर तेवढ्याच अंतरावर घुमतेत," दीर बालाजी सांगायचा. बाई म्हणायच्या, "घुमू द्या बापड्या. लेकीशी बोलणं झालं, बस झालं."

आज पुनम नांदेडहून माहेरी यायची होती. दुपारी पहिल्या नोझलपाशी फोन लागला.

"आई, आंघोळ तरी करू दे, मग निघते!"

"न्हा बाई, नवरीवानी न्हा," म्हणत बाई चालत्या झाल्या. फोन तुटला.

दुसऱ्या नोझलपाशी आपोआप जुळला. "आई, बसले गाडीत."

तिसऱ्यापाशी, "वारंगा फाटा आला बघ."

बाईंनी घड्याळ पाहिलं. पहिल्या नोझलपासून दोन मिनिटंही झाली नव्हती.

चौथ्यापाशी नुसता गाडीचा आवाज होता. पाचव्यापाशी तोही नव्हता. परत फिरावं असं बाईंना वाटलं, पण पाय पुढंच गेले.

सहाव्यापाशी कुणी थकलेला माणूस म्हणाला, "नीट बघून ओळखा, मावशी."

आणि फोनमधून द्वारकाबाईंचाच आवाज आला, कोरडा, शांत.

"व्हय. माजीच लेक हाय."