पिवळी पट्टी

“मले पाणी नको. माझा माणूस पाह्यजे,” तुळसाबाईंनी समोरचा ग्लास परत सरकवला.

हरवले-सापडले केंद्राचा तो पहिला तंबू. बाहेर धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी दीक्षाभूमीकडे सरकत होती. सकाळी याच गर्दीत तुळसाबाईंचा हात सुटला आणि पारशिवनीहून सोबत आलेले त्यांचे यजमान रुपराव दिसेनासे झाले. नोंदीत वर्णन होतं: पांढरा सदरा, पांढरा पायजमा. त्या दिवशी त्या रस्त्यावर या वर्णनात न बसणारा माणूस शोधणं जास्त सोपं होतं.

“त्याईच्या ध्यानात राहत नाही बाप्पा,” तुळसाबाई म्हणाल्या. “कधी घर विसरतेत, कधी सोताचं नाव. कोणी इचारलं तं काय सांगतीन ते?”

तंबूप्रमुख प्रेमानंदनं लॅपटॉपवर पुन्हा शोधलं. काही नाही. मोबाइलला रेंज नव्हती, आणि एवढ्या भोंग्यांच्या गलक्यात एका नावाची हाक कुणाच्या कानी पडणार? तेवढ्यात दीप्ती आत आली. शहराच्या कडेला असलेल्या वाडीतल्या एका गोदामात ती संगणकाचं काम बघायची. हरवलेल्यांच्या आणि सापडलेल्यांच्या नोंदी जुळवणारी केंद्राची ही फाईल तिनंच बनवली होती. केबलवाल्यानं तार ओढून तिन्ही तंबू जोडले होते, म्हणजे कुठल्याही तंबूतली नोंद सगळीकडे दिसावी.

“किती जुळले, भाऊ?”

“एकबी नाही.”

एवढ्या गर्दीत एकही नाही? तिनं स्क्रीनकडे नीट पाहिलं. उघडलेली फाईल तिन्ही तंबूंच्या सामायिक फोल्डरमधली नव्हतीच.

“हे डेस्कटॉपवर काहून आहे गा भाऊ?”

प्रेमानंदचा चेहरा पडला. सकाळी फाईल उघडताच धोक्याची चौकट आली होती, तिच्यामागून पिवळी पट्टी: सुरक्षेचा इशारा, फाईलमधला प्रोग्राम चालू करायचा का? नुसत्या दंडांनी गर्दी मागे रेटणारा हा गडी एका पिवळ्या पट्टीपुढे गार पडला. फाईल बंद केली, पुन्हा उघडली, पट्टी हजर. मग त्याला नामी युक्ती सुचली. त्यानं फाईलची नक्कल डेस्कटॉपवर घेतली. तिथं पट्टीनं एकदाच विचारलं आणि मग ती गप्प बसली. प्रेमानंदला इतका आनंद झाला, की दुसऱ्या आणि तिसऱ्या तंबूतही जाऊन तो हीच युक्ती शिकवून आला.

म्हणजे एका फाईलच्या तीन झाल्या होत्या. इथं हरवलेला तिथं सापडत होता, आणि दोन्ही नोंदींची गाठच पडत नव्हती. दीप्तीला त्याला चांगलं फैलावर घ्यायचं होतं, पण तुळसाबाई दोघांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

“अनोळखी फाईल असती तं थांबणं बरोबरच होतं,” ती म्हणाली. “पण हे माझी होती नं. मले विचाराले पाह्यजे होतं.”

सामायिक फोल्डरमध्ये तिची फाईल सोडून दुसरं काही शिरलेलं नाही, याची तिनं आधी खात्री केली. मग सेटिंगमध्ये जाऊन तो फोल्डर भरवशाच्या जागांच्या यादीत घातला. नेटवर्कवरची जागा चालेल, या ओळीसमोर टिक केली. डेस्कटॉपवरची फाईल बंद करून फोल्डरमधली उघडली. चौकट नाही, पट्टी नाही.

“आता पळा. दोन्ही तंबूंतल्या फायली या फोल्डरात आणून टाका.”

प्रेमानंद असा सुटला, की गर्दीनं आपणहून वाट दिली. दीप्ती स्क्रीनवर डोळे लावून बसली. फोल्डरमध्ये एक फाईल आली, काही वेळानं दुसरी. तिनं सगळ्या नोंदी एकत्र केल्या आणि जुळणीचं बटण दाबलं. स्क्रीन जोड्यांनी भरून गेली. ती भराभर नावं वाचत सुटली. कोपऱ्यात रडून थकलेली एक आई चपला तिथंच टाकून तिसऱ्या तंबूकडे धावली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी “जय भीम” म्हटलं. दीप्तीला हसू आवरेना.

तुळसाबाई मात्र बसूनच होत्या. दीप्तीनं ‘रुपराव’ टाइप केलं. काही नाही. ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहिलं. काही नाही.

“नाही नं?” तुळसाबाईंनी पदर तोंडाशी धरला.

दीप्तीनं नाव खोडलं आणि नुसतं गाव टाकलं, पारशिवनी. एक नोंद आली. ती आधी मनात वाचली, मग मोठ्यानं वाचली. “दुसरा तंबू. हरवलेली व्यक्ती, तुळसाबाई. नोंद करणारे इथंच बसून आहेत. बायको सापडल्याशिवाय उठायला तयार नाहीत.”

“मी कायची हरवली वं? मी तं इथंच बसून हाओ!” तुळसाबाई उठून उभ्याच राहिल्या. “अन् नोंद करणाऱ्याचं नाव काय लिवलं?”

दीप्तीनं लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. नावाच्या रकान्यात लिहिलं होतं:

“तुळसाबाईचा नवरा.”