नमुन्याबरहुकूम

"नमुनामा शे तसंच पाहिजे. केसना बी फरक चालनार नही," गिरधर पटेलांनी हिलाल चिताऱ्याला बजावलं.

नमुना म्हणजे यशोदा-कृष्णाच्या गाजलेल्या चित्राची छापील तसबीर. तिच्यावरून हिलाल तैलरंगात मोठाल्या नकला करायचा. पश्चिम खानदेशात, तापीकाठच्या अकरा दिवाणखान्यांत त्याच्या यशोदा विराजमान झाल्या होत्या. सगळ्या सख्ख्या बहिणी वाटत आणि सगळ्यांनाच थोडी सर्दी झाल्यासारखी वाटे. पटेलांची बारावी.

पटेल कडक माणूस. मागे एका चिताऱ्यानं मारुतीच्या शेपटीत एक वेटोळं कमी काढलं, तर अख्खा मारुती बैलगाडीतून परत गेला होता.

हिलालनं पडवीत कॅनव्हास उभा केला, तसबिरीवर चौकटी आखल्या, मुंबईहून मागवलेल्या विलायती रंगांच्या नळ्या मांडल्या आणि हात धुवायला पाणी मागितलं. अंगणात मधोमध विहीर होती, पण तिच्यावर फळ्या ठोकलेल्या. सालदार जामसिंग तापीवरून कावड भरून घेऊन आला.

"विहीर कोरडी शे का रे?"

"भरेल शे," जामसिंग म्हणाला आणि बैलांकडे निघून गेला.

मोठ्या घरच्या तऱ्हा मोठ्या, असं मनाशी म्हणत हिलाल कामाला लागला. तिसऱ्या दिवशी त्यानं बाळाच्या चौकटींना हात घातला, तोच दाराआडून आवाज आला.

"पायनी करंगळी अशी नही, चितारी. बाजूना बोटवर चढेल पाहिजे."

पटेलांची बायको, पार्वतीबाई. तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलत होत्या.

"माय, नमुनामा तर सरळ शे."

"तुन्हा नमुना खोटा शे. मन्हा माहेरले अस्सल चित्र व्हतं. मी देखेल शे."

अस्सल पाहिलेलं माणूस हिलालला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होतं. अकरा घरांत आपण चुकीची करंगळी टांगून आलो, या विचारानं तो ओशाळला आणि त्यानं करंगळी शेजारच्या बोटावर चढवली.

मग रोज दुपारी, पटेल शेतावर गेले की बाई यायच्या. भुवईत बारीकशी चीर हवी. तीट कपाळावर नको, हनुवटीवर. एका डोळ्याचं काजळ गालावर फिसकटलेलं.

"अस्सल चित्रमा काजळ फिसकटेल व्हतं?"

"तो एक जागावर बठेच ना," बाई म्हणाल्या.

मूळ चिताऱ्याचीही पोरांनी आपल्यासारखीच त्रेधा उडवलेली दिसते, या कल्पनेनं हिलालला बरं वाटलं. शेवटी बाईंनी बाळाच्या डाव्या पायातला वाळा पुसायला सांगितला.

"एकच वाळा? माय, नंदना घर इतकं गरीब नव्हतं."

बाई हसल्या नाहीत. "एकच व्हता. मी चांगला देखेल शे."

"पटेल चित्र परत धाडतीन."

बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली. "परत जावाले नको, चितारी. काही बी कर. हाई चित्र मन्हा नजरसमोर ऱ्हावाले पाहिजे."

हिलालनं वाळा पुसला. तरी धाकधूक होतीच. चित्र टांगायच्या दिवशी पार्वतीबाईंचा भाऊ रूपचंद पाहुणा आलेला पाहून त्याला देव भेटल्यासारखं झालं. पटेलांच्या देखत त्यानं साक्ष काढली.

"रूपचंदभाई, तुमना घरनं अस्सल चित्र असंच व्हतं ना?"

"आम्हना घर? चित्र?" रूपचंद खो-खो हसला. "आम्हना बाप भिंतले चुना लावाले राजी नव्हता, तो चित्र कोठून..."

त्याची नजर कॅनव्हासवर गेली. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि बाळाकडे बघत तो मटकन खाली बसला.

दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

पटेलांनी तसबीर हातात घेतली. एकेक चौकट ताडून पाहिली. करंगळीपाशी थांबले. भुवईपाशी थांबले. फिसकटलेल्या काजळापाशी फार वेळ थांबले. हिलालनं मनातल्या मनात गाडीला बैल जुंपले.

"चूक शे," पटेल म्हणाले.

"पटेल, मी नमुनाप्रमाणेच... ते माय म्हने..."

"डावा पायमा बी वाळा पाहिजे."

"पण माय म्हने, एकच व्हता."

पटेलांनी छापील तसबीर पालथी ठेवली. बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि बोटांनी चोळून चोळून गुळगुळीत झालेला, चिमुकला चांदीचा वाळा हिलालच्या रंगाच्या पाटीवर ठेवला.

"विहीरना काठवर सापडेल व्हता," दाराकडे न बघता ते म्हणाले. "हाऊ ले नमुना."