मालकांचा एक चांगला गुण

टॉवेल कारखान्याला पंचवीस वर्षं झाली, म्हणून विरेशशेठनी बेचाळीस कामगारांना मोबाईलवर फॉर्म धाडला: मालकांचा एक चांगला गुण लिहा. रकाना मोकळा सोडला तर फॉर्म पुढं सरकत नव्हता. उत्तरं आली ती ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या आरजूकडं, आणि शेठ तिच्या टेबलापाशी आले.

"आरजू, रिकामी उत्तरं गाळायचा कोड लाव, उरलेली बॅनरवर घे. चुकलीस तर सोमवारपासनं येऊ नको."

"लावला, शेठ. एकबी गळलं न्हाय."

"बेचाळीसच्या बेचाळीस? आन् म्हणं लोक मला शिव्या देत्यात."

"छापायच्या आधी एकदा वाचता का?"

"आपलीच स्तुती काय वाचायची. दे छापायला."



पाहुण्यांसमोर पडदा सरला. बॅनरवर एक ते बेचाळीस आकडे होते आणि प्रत्येकापुढं कोरी जागा. सगळ्यांनी नुसती स्पेस दाबून फॉर्म धाडला होता.