पाटीवरचा नंबर

ऐक ना, आधी फक्त ऐक. मधे बोललीस तर माझी लिंक तुटेल.

मागच्या गल्लीत खुर्च्या मांडलेल्या. सुतारकाकांची शोकसभा. सगळी गल्ली लोटली होती, आणि वर ठिणगी स्वतःच्या लग्नाआधीच्या खोलीत नुसती फणफणत होती. ठिणगी म्हणजे काकांची एकुलती एक मुलगी. हे नाव त्यांनीच ठेवलेलं, तिच्या नाकाच्या शेंड्यावरच्या रागावरून.

खालून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "देवमाणूस हो, देवमाणूस!"

ठिणगीने खिडकी धाडकन ओढली, कडी घातली आणि ती जिना उतरली.

स्वयंपाकघरात टेलरकाका आईशी काहीतरी कुजबुजत होते. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी चपटं. आई मान हलवून नको नको म्हणत होती. ठिणगी दिसताच दोघं गप्प.

"आजही काम घेऊन आलात का, काका?" ठिणगी म्हणाली. "आता कोण करणार? माणूस गेला."

टेलरकाका खाली मान घालून बाहेर गेले.

"काय बोलतेस गं," आई म्हणाली.

"मग काय आरती ओवाळू? एकोणऐंशीचे होते बाबा! एकोणऐंशी! त्यांना शिडीवर कोणी चढवलं, ते मला आज कळलंच पाहिजे."

"जाऊ दे ना बाळा."

पंधरा दिवस आईचं हे एकच. जाऊ दे.

आता तुला पाटीचं सांगते. सुतारकाकांच्या दाराला एक काळी पाटी होती. गल्लीत कुणाचं काही मोडलं, तुटलं, अडकलं की त्याने येऊन खडूने लिहायचं. काका रोज सकाळी पाटी वाचायचे, शिडी खांद्यावर टाकायचे, निघायचे. काम झालं की ओळ पुसायची. पन्नास वर्षं! नियम एकच, बाहेरच्यांचं आधी, घरचं शेवटी. "घरचे कुठे पळून चाललेत?" म्हणायचे आणि हसायचे.

ठिणगी त्या हसण्यावरच लहानाची मोठी झाली, धुमसत. शेवटच्या फोनवरही तेच भांडण. "बाबा, पाटीवर आमचा नंबर कधी लागणार?" "लागेल गं," म्हणाले.

त्यानंतर चौथ्या दिवशी काका याच गल्लीत शिडीवरून पडले. ती दुसऱ्या गावाहून पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. शिडी जागेवर ठेवलेली. पाटी मात्र गायब. विचारलं तर जो तो म्हणे, फुटली.

फुटली म्हणे! ठिणगी काय दूधखुळी आहे? ज्याचं काम होतं त्यानेच लपवली, हे शेंबडं पोरही सांगेल.

तर, ठिणगी खाली सभेत आली तशी बेकरीवाल्याने माईक पुढे केला. "ताई, दोन शब्द."

"दोनच बोलते," ठिणगी म्हणाली. "कोणाचं काम?"

खुर्च्यांवरच्या माना खाली गेल्या.

"बाबांनी तुमची दारं बसवली, ते तुमच्या टाक्यांवर चढले. आमच्या घरात नळ गळतोय. आईची खुर्ची डुगडुगते, माझ्या खोलीची खिडकी अकरा वर्षं लागत नाही. मी तक्रार नाही करत..."

"करतेच आहेस," मागून कोणी आजी पुटपुटल्या.

"हो, करतेय! माझा बाप गेलाय! त्या दिवशी अकरा वाजता ते कोणासाठी चढले, एवढं नाव सांगा. एकाची तरी हिंमत आहे?"

टेलरकाका उठले. "माझ्यासाठी. दुकानाचा पत्रा सुटला होता, पोरी."

ठिणगीचा आवाज फाटला. "लाज नाही वाटली? इतके दिवस आमच्याकडे येऊन चहा पिताय!"

"त्यांना नको बोलूस," मास्तरीणबाई उभ्या राहिल्या. "माझं काम होतं. टाकीचं झाकण."

"ताई, खरं सांगू?" बेकरीवाल्याने कान पकडले. "माझा बोर्ड तिरका झाला होता."

ठिणगी तिघांकडे बघतच राहिली. "अकरा वाजता? तिघांकडे? बाबा काय तीन शिड्यांवर चढले होते?"

कोणी हसलं नाही. टेलरकाकांनी काखेतलं चपटं पुडकं छातीशी घट्ट धरलं. आणि तिला एकदम उमगलं.

माईक हातात तसाच, ती खुर्च्या ढकलत गेली आणि तिने पुडकं हिसकावलं.

"ठिणगे, नको!" आई आयुष्यात पहिल्यांदा ओरडली.

कागद टराटरा फाटला. आत पाटी. धड, अख्खी.

"बघा!" ठिणगीने पाटी सगळ्यांसमोर उंच धरली. "फुटली होती ना? आता सगळ्यांदेखत वाचते. खोटारडे कुठले!"

तिने पाटी स्वतःकडे फिरवली. खडू थोडा फिसकटला होता, पण अक्षरं लागत होती. टेलर, पत्रा. मास्तरीणबाई, झाकण. बेकरी, बोर्ड. तिन्ही ओळी जशाच्या तशा. एकही पुसलेली नाही.

त्यांच्या वर, कोपऱ्यात दाटीवाटीने घुसवलेली अजून एक ओळ होती. ती बाबांच्या अक्षरात.

"१. ठिणगीची खिडकी. आज आधी हीच."

तिने मान वर केली. बरोबर डोक्यावर तिची खिडकी होती. बंद. मघाशी तिनेच लावली होती, एका झटक्यात.

सगळी गल्ली तिच्याकडे बघतेय, आई पदर तोंडाशी धरून उभी, आणि हिच्या हातात माईक चालू. आता तू सांग, तिच्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?