विरलेला पदर

राखोलीत चिमाबाईंच्या खोलीवर दर रविवारी पाळी जायच्या वयातल्या बायका गोधडी शिवायला जमत. आज वसुधाने गेल्या महिन्यात वारलेल्या आईची साडी आणली होती, पण पिशवीतून काढायला हात धजत नव्हता. पदर जाळीसारखा विरला होता. कुणी कारण विचारलं तर? “दे गं, अंडी उबवतेस का?” म्हणत चिमाबाईंनी साडी ओढली आणि पदर उजेडात धरला. “वारा घेऊन घेऊन झिजलाय. आईलाही आपल्यासारख्याच वाफा यायच्या ना? विरलेलं आत घालू, चांगलं वर.” वसुधाला आठवलं, डोक्यावर पंखा फिरत असताना आई पदराने वारा घ्यायची आणि आपण म्हणायचो, “आई, पुरे तुझी नाटकं.” तिचे कान तापले, मानेवरून घाम ओघळला. चिमाबाई कात्री ठेवून त्याच पदराने तिला वारा घालू लागल्या. “चिमाबाई, हा वर लावा,” वसुधा म्हणाली.